गडद की फिका

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पिठाच्या हातानेच उचलला आणि ती बोलायच्या आत विचारलं, "काय वहिनी, कोनता रंग ठरला?" ती म्हणाली, "शालूबाई, तुमचे दादा गेले." मी विचारलं, "कुठं?" दीड महिना होत आला, तरी त्या प्रश्नाची लाज वाटते. सकाळी चहा पिता पिता गेला. आजारी नव्हता, काही नव्हतं.

दादा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. लाथ झाडणाऱ्या बैलाला सुई टोचताना विचार करत बसायची सोय नसते. घरातही तो तसाच. नालवाडीचा, घराचा प्लॉट त्याने सायकलवरून न उतरता पसंत केला, आणि माझं स्थळ एका कप चहात. पण यंदा घराला बाहेरून रंग द्यायचा म्हटल्यावर या माणसाला काय झालं कोण जाणे! रंगारी गुलाबभाऊने समोरच्या भिंतीवर दोन पट्टे मारून दिले, एक गडद विटकरी, एक फिका बदामी, आणि दादाने मला सासरहून, सिंदीहून बोलावून घेतलं. एरवी मी वर्षातून दोनदा जायची. वहिनीचं नि माझं भांडण नव्हतं, पण जमायचंही नाही. मी तोंडाळ, आणि तिच्या पोटातलं कधी ओठावर येत नाही. मी म्हटलं गडद. फिक्यावर एका पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे नि शेवाळ. वहिनी म्हणाली, "अन् उन्हाळ्यात भिंत तव्यावानी तापते तवा? कूलर काय करन?" दादा मान डोलवत म्हणाला, "शालूचं खरं हाय. पण हिचंबी खोटं नाई. येत्या रविवारी येजो, पुन्हा पाहू." असे पाच रविवार झाले. सकाळच्या उन्हात पट्टे पाहायचे, उतरत्या उन्हात पाहायचे, मध्ये वाद घालायचा, जेवायचं. तिसऱ्या रविवारी तर आम्ही दोघी मिळून त्याच्यावरच चिडलो. तो नुसता हसत होता. मला काळजीच वाटली, याच्या डोक्यावर परिणाम तर नाही झाला?

तेरवी झाल्यावर गुलाबभाऊ विचारायला आला. वहिनी म्हणाली, "गडदच लावा. शालूबाईचं मन राहू द्या." मी म्हटलं, "छे! फिका लावा. राहायचं तुमाले हाय." माझ्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. भाऊ गेला, आता रंगही ठरला, की या घरी मी यायचं तरी कशाला? दादाला काकाजी म्हणणारा गुलाबभाऊ डोकं खाजवत म्हणाला, "काकाजीनं तं पैल्याच दिवशी फिका ठरवला व्हता. डबे मांगच्या खोलीत हायेत. मले म्हणे, बोलू नोको. रंग ठरला का शालूचं येणं बंद व्हते."

मला हसू आलं की रडू, अजून सांगता येत नाही. रागही आला. अरे, सरळ 'ये' म्हणायला काय झालं होतं तुला? पण म्हणाला असता, तर मी गेले असते का... तेही ठाऊक नाही. मागच्या खोलीत रिकाम्या पोत्याखाली चार डबे होते, झाकणंही न उघडलेले. वहिनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "गुलाबभाऊ, तीन बाजू रंगवून टाका. समोरची भिंत राहू द्या, तिचं अजून ठरलं नाई."

आणि पदर खोचत, माझ्याकडे न पाहता, "शालूबाई, रविवारी भाजी कायची करू?"