तीन शिंगांची लॉर्ना

लॉर्ना हचिसनने कॅनडातल्या बर्नबीत एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर टीव्ही मालिकांत एक्स्ट्रा म्हणून परग्रहवासी व्हायला लागली. त्या दिवशी तिला तीन शिंगं आणि जांभळं नाक चिकटवलं होतं. प्रसंग सोपा होता: सहा परग्रहवासी मदतीला येतात, पण माणसांच्या सैनिकांना त्यांचा संशय येतो. सैनिकांना तो काही केल्या येईना. शिंगांखालचे लॉर्नाचे डोळेच इतके मायाळू, की जो तो तिच्याकडे बघून हसायचा.

"अहो बाई, जरा लबाड दिसा ना!" दिग्दर्शक ट्रेव्हर नऊ वेळा ओरडला.

"अरे, मी काय मुद्दाम करतेय का?" लॉर्ना फणकारली.

जेवणाची सुट्टी झाली. एक्स्ट्रांची रांग नेहमीच सगळ्यांत शेवटी. उरेल ते खायचं.

"पोरांनो, चिखलाचे हात धुऊन या," लॉर्ना सैनिकांना म्हणाली. "तुमचा नंबर मी धरते."

एवढ्या गोड बाईवर कोण संशय घेणार? सगळे गेले. परतले तेव्हा सहाही परग्रहवासी शिंगं हलवत, मिटक्या मारत शेवटचा सॅमन मासा संपवत होते. सैनिकांना नुसता कच्चा कोबी उरला होता.

दुपारी कॅमेरा सुरू झाला. बारा सैनिक लॉर्नाकडे असे काही बघायला लागले, की ट्रेव्हर खुर्चीतून उडालाच. "कमाल केलीत बाई! हा लबाड चेहरा आणलात कुठून?"

"चेहरा सकाळचाच आहे रे," लॉर्ना बोट चाटत म्हणाली. "पोरांना विचार, जेवायला काय मिळालं ते."