दिवाळीच्या माळेवरचा शिंजीर

मंगलाताईंचा राग इथे आखातात आमच्या अख्ख्या दार्सैतला ठाऊक. बायोलॉजीच्या ट्यूशनला येणारी पोरं त्यांच्या चपला वाजल्या की गप्प व्हायची. आणि मी शेजारीण म्हणून सांगते, ताई चिडायच्या ते बरोबरच चिडायच्या.

२०१७च्या मार्चमध्ये त्यांच्या बाल्कनीत, न उतरवलेल्या दिवाळीच्या माळेवर, एका इवल्याशा पक्षिणीने घरटं टांगलं. बिल्डिंगभर बोंब, "हमिंगबर्ड आला!" ताई कडाडल्या, "डोंबलाचा हमिंगबर्ड! ते तिकडे अमेरिकेत. त्यांच्यात तर कानाशी जांभळी पिसं असलेल्याच चार-पाच जाती आहेत. इथे दिसेल का त्यातली एक तरी? हा आपला शिंजीर. चिपळूणला माझ्या जास्वंदीवर येतो ना, तोच."

पिल्लं बाहेर आली आणि त्याच आठवड्यात कंपनीने ताईंच्या यजमानांना, बाळकृष्णभावजींना काढलं. बावीस वर्षं राबवून घेतलं आणि खलास म्हणाले, मेले! व्हिसा रद्द, फ्लॅट रिकामा करा. भावजी नुसते बसून राहिले. ताई सगळ्यांवर ओरडत सुटल्या. पण मला म्हणाल्या, "शुभदा, पिल्लं उडेपर्यंत तरी राहू द्या म्हणावं." कोण राहू देतंय?

नवी भाडेकरू मैथिली, पुण्याची. ताईंनी तिला बाल्कनीत उभं करून बजावलं, "आठवडाभर ही माळ हलवायची नाही. खायला-प्यायला काही ठेवायचं नाही. फक्त हात लावू नकोस." तिने ताईंचा हात धरून शब्द दिला. "सो क्यूट, काकू! प्रॉमिस!"

शुक्रवारी ताई गेल्या. रविवारी मैथिलीने फेसबुकवर फोटो टाकला, 'आमच्या नव्या घरातला हमिंगबर्ड'. सोमवारी सकाळी पूजेसाठी बाल्कनी धुवायची म्हणून माळ ओढून काढली आणि घरट्यासकट कचऱ्यात टाकली. मी जाब विचारला तर म्हणते, "फोटो आहे ना आपल्याकडे!" माझं टाळकंच फिरलं. जिन्यात उभं राहून तिला नाही नाही ते बोलले. माझा नवरा मला आवरायला आला, त्यालाही सोडलं नाही.

संध्याकाळी चिपळूणहून फोन. "पिल्लं उडाली का गं?"

खोटं बोलणार होते, पण ताईंशी खोटं बोलायची माझी छाती नाही. सगळं सांगितलं आणि आता तोफ सुटणार म्हणून फोन कानापासून लांब धरला. मग परत कानाला लावला.

त्यांनी हळूच विचारलं, "आई आली होती त्यांची?"

"सकाळपासून येतेय. चोचीत कोळी धरून. माळ होती तिथेच फडफडते, आणि परत जाते."

"बरं," एवढंच म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. आमच्या मंगलाताई!