परक्यांची पदकं

दुसऱ्याची रविवार सकाळ खर्ची घालण्यात आमच्या मद्रासच्या घरमालकांचा हात धरील असा माणूस अख्ख्या दक्षिणेत सापडला नसता, आणि उत्तरेत जाऊन शोधण्याइतकं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. सहा वर्षं मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. त्या सहा वर्षांत किती रविवार येतात याचा हिशेब ज्याला करायचा त्यानं करावा. त्यातला एकही माझा नव्हता, एवढंच मी सांगू शकतो.

बँकेनं मला पुण्याहून तिकडे पाठवलं तेव्हा शहराचं नाव अजून बदललं नव्हतं. वेस्ट मांबलममध्ये, स्टेशनपासून दहा मिनिटांवर त्यांचं घर. ते मूळचे तंजावरचे मराठी. पूर्वज राजाबरोबर खाली आले ते परत गेलेच नाहीत. स्वतः एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी मी सामान घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं बोलणं दोन मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येवा, बसा. तुम्ही पुण्याचे काय? तुम्हां लोकांची मराठी फार बिघडली की." त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी 'पुणेकर' झालो.

त्यांचं वेड होतं लिलावाचं. तिकडे लिलावाला एलम म्हणतात. नुंगंबाक्कमच्या एका जुन्या बंगल्यात दर रविवारी एलम असे. मोडकळीला आलेल्या घराण्यांची झुंबरं, शिसवी कपाटं, तंजावरी चित्रं, नथी, वाक्या, इंग्रज राजाच्या राज्यारोहणाच्या आठवणीचे चिनीमातीचे पेले असं काय काय तिथं येई. सकाळी साडेसहाला जिन्याच्या खालून हाक यायची, "पुणेकर, आज एलम आहे." जणू मागल्या रविवारी नव्हता आणि पुढल्या रविवारी नसणार. माझ्याकडे स्कूटर होती, हा माझा एकमेव गुन्हा. पण सरळ नकार देता येईल अशा आवाजात ते कधी हाक मारत नसत.

बंगल्यातल्या लिलावाच्या हॉलवर पोचलं की झुंबरं, शिसवी कपाटं यांच्या वेळी ते चक्क डुलक्या घ्यायचे. नटराज आला आणि गेला, यांनी डोळा उघडला नाही. पण एखाद्या वस्तूवर कुणाचं नाव कोरलेलं आहे असं लिलाव पुकारणाऱ्यानं म्हटलं, की हे ताठ. निवृत्त स्टेशनमास्तरला सहकाऱ्यांनी दिलेला चांदीचा करंडा, लांब उडीत दुसरा आलेल्या कुणा मुलाची ढाल, एका डॉक्टराला कृतज्ञ रुग्णांनी दिलेलं घड्याळ, असलं सगळं यांचं. हॉलवर त्यांना 'पेरु सार' म्हणत. तमिळमध्ये पेरु म्हणजे नाव. हे मला कळायला वर्ष गेलं, तोवर मी समजत होतो की त्यांना फळांची आवड असावी.

एकदा मी विचारलं, "हे कशासाठी घेता तुम्ही?"

"आम्ही नाही घेतलें तर सोनार घेतो," ते म्हणाले. "तो वितळवतो. चांदी वितळली तर चांदीच उरते. नांव वितळलें तर काय उरते, सांगा."

याला उत्तर फक्त मामींकडे होतं. मामी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या एका हातात फडकं घेऊन जन्मल्या असाव्यात असं मला वाटे. "या घरांत आम्ही दोघं," त्या म्हणत, "बाकी सगळीं परकीं माणसं. त्यांची धूळ मी पुसते, आणि एक कोणी जेवायला या म्हणत नाही."

वेड इथंच थांबलं असतं तर माझी कंबर आज बरी असती. पण घेतलेली वस्तू मूळ माणसाच्या घरी परत पोचवणं हा त्या वेडाचा उत्तरार्ध होता. टेलिफोन डिरेक्टरी, जुने पोस्टमन, देवळातले गुरुजी यांच्याकडून ते पत्ता काढत. रेकॉर्ड विभागात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे अवघड नव्हतं. मग दुपारच्या उन्हात आमची स्कूटर निघे. ते मागे, करंडा मांडीवर.

टेनिसचा एक चषक आम्ही एका म्हाताऱ्या वकिलांकडे घेऊन गेलो. वकिलांनी चष्मा लावून चषक पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "हा मीच विकला. आता पुन्हा विकायला मला रिक्षा करावी लागेल." त्यांनी आम्हाला कॉफी दिली आणि चषकही परत दिला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं, नवराबायको दोघांची नावं कोरलेलं एक चांदीचं ताट घेऊन गेलो, तर दार उघडलं त्या गृहस्थांच्या दुसऱ्या पत्नीनं. तिनं ताटावरचं पहिलीचं नाव वाचलं. मी त्या दिवशी शहाणपणानं स्कूटर बंदच केली नव्हती.

मी म्हणायचो, निदान अशा वेळी काहीतरी बनवून सांगत चला. पण खोटं बोलणं त्यांना जमत नसे. खिशातून लिलावाची पावती काढून ते सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत. "रेकॉर्डात आहे तें आहे," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

आणि मग ते पदक आलं. हॉलचे जुने मालक वारले होते आणि मुलानं बंद कपाटं उघडून वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वस्तू एकेक करून पुकारायला काढल्या होत्या. निळ्या मखमलीच्या डबीत एक चांदीचं पदक होतं, वर सोन्याचा मुलामा. बी.ए.ला गणितात पहिली आलेल्या एका मुलीचं नाव त्यावर. कुणी बोट वर केलं नाही. यांनी केलं. डबीत मखमलीखाली घडी घातलेली चिठ्ठी होती, विकायला आणणाऱ्याची. पुरुषाचं नाव, 'पत्नीचे पदक' एवढीच नोंद, अड्यारचा पत्ता, सही, आणि खाली हॉलच्या कारकुनाचा शेरा, 'बोली नाही. परत न्यावे.' न्यायला कुणी आलं नव्हतं.

अड्यारपर्यंत सबंध वाटेत ते माझ्या कानाशी तणतणत होते. "बायकोचें पदक विकायला काढतो. कसला मनुष्य! आणि विकलें नाही तर न्यायला सुद्धां येत नाही. हें मी त्या घरांत चार लोकांसमोर वाचून दाखवणार." मी म्हटलं, जाऊ द्या. त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, रेकॉर्डात आहे तें आहे.

दार एका मध्यमवयीन बाईनं उघडलं. ती सून. आत झोपाळ्यावर तिच्या सासूबाई बसल्या होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, पांढरे केस, कपाळ मोकळं. घरमालकांनी डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली आणि कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिल्या.

सुनेनं वाकून वाचलं. "अम्मा, तुम्ही गणितात पहिल्या आला होतात?"

"आले होते," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, दूध उतू गेलं होतं म्हणावं तितक्या सहज.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"पदक हरवलं होतं. नुसतं तोंडानं काय सांगायचं?" मग त्या आमच्याकडे वळल्या. "आमच्या यजमानांनी तीन दिवस शोधलं. पेट्या उपसल्या, पलंग हलवला, तांदळाचा डबा ओतून पाहिला. सापडलं नाही. ते जाऊनही आता नऊ वर्षं झाली. तुम्हाला कुठं मिळालं?"

घरमालकांचा उजवा हात खिशात होता, चिठ्ठीवर. मी त्यांच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत शब्दासाठी अडलेले ते मला पहिल्यांदाच दिसले.

"जुन्या सामानांत," ते म्हणाले. "कोणाच्या तरी. कोणाच्या, तें कळलें नाही."

त्या माउलीनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर चिठ्ठी असेल ना?"

"चिठ्ठी नव्हती."

"खिशात आहे ती द्या," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला तेव्हाच माहीत होतं. त्यांची नोकरी गेली होती. रोज डबा घेऊन बाहेर पडायचे आणि समुद्रावर बसून संध्याकाळी परत यायचे. पदक ठेवलेली जागा आम्हां दोघांनाच ठाऊक. ते तीन दिवस शोधत होते, मीही त्यांच्याबरोबर शोधत होते. दुसरं काय करणार? त्यांचं तोंड बघवत नव्हतं."

घरमालकांनी चिठ्ठी दिली. सासूबाईंनी ती डोळ्यांजवळ नेऊन सही पाहिली आणि मग खालचा शेरा वाचला. एकदा वाचून पुन्हा वाचला.

"विकलं गेलंच नाही?"

"कोणी बोली दिली नाही," घरमालक खाली बघत म्हणाले.

"मग घरी का नाही आणलं?" त्या स्वतःशीच बोलत होत्या. "हरवलं म्हणून सांगून बसले होते, आणणार कसं." झोपाळा थांबला. "पण त्या महिन्यात घरात तांदूळ होता. भाडंही दिलं गेलं होतं." त्या सुनेकडे वळल्या. "त्यांच्या मनगटावर घड्याळ नसायचं. दुरुस्तीला टाकलंय म्हणायचे. वडिलांचं घड्याळ होतं ते. मला वाटलं, पदकावर भागलं, घड्याळ खरंच दुरुस्तीला आहे. मी चेष्टा करायची त्यांची, एवढी कसली दुरुस्ती म्हणून."

सून त्यांच्याजवळ झोपाळ्यावर बसली. मग सुनेनंच उठून कॉफी आणली. आम्ही निघालो तेव्हा डबी बंद करून त्यांनी बाजूला ठेवली होती आणि चिठ्ठी हातात होती.

परत येताना अड्यारचा पूल ओलांडल्यावर घरमालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबायला सांगितलं. उतरले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"जातांना मी त्या मनुष्यास काय काय बोललों, पुणेकर."

"मला ऐकू आलं नाही. स्कूटरचा आवाज होता."

"सरि," ते म्हणाले. सरि म्हणजे बरं. मी खोटं बोलतोय हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

त्यानंतरही ते एलमला जात राहिले, वस्तूही घेत राहिले. पत्ते शोधणं मात्र थांबलं. वस्तूबरोबर कागद निघाला तर घडी न उघडता परत आत ठेवायचे. मामींची धूळ वाढली, पण मामींनी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

माझी बदली झाली, मी पुण्याला परतलो. वर्षाकाठी त्यांचं एखादं पत्र यायचं, मोठ्या सुट्या अक्षरात. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'एलमचा बंगला पाडला. तेथे फ्लॅट होणार. रविवारीं ही म्हणते देवळांत चला. जातों. देव ओळखीचा आहे, पण त्याचें माझ्यावांचून अडत नाही. तुम्हांस सवड होईल तेव्हां लिहा.'

सवड होती. सविस्तर लिहू म्हणून ते पत्र मी खणात ठेवलं. मग मुलीचं लग्न निघालं, मग कंबर धरली, मग पावसाळा आला. पुढचं पत्र आलं ते मामींचं, तमिळमध्ये; मराठी त्या बोलत, पण शाळेत शिकल्या होत्या ती तमिळ अक्षरं. मला तमिळ बोलता येतं, वाचता येत नाही. वाचून दाखवणारं कुणी शोधायला हवं होतं, पण मी शोधलं नाही. खुर्ची खिडकीपाशी ओढून मी ते पत्र हातात घेऊन बसलो. पानभर गोल, नीटस अक्षर होतं, आणि शेवटी एका कोपऱ्यात, मला कळावं म्हणून, त्यांनी कष्टानं देवनागरीत लिहिलं होतं, 'जेवत जावा.'