कोरीटची शीला आणि दोनशे बारा वेळा घालवलेली लाईट

कोरीटच्या छगनआबांची शीला पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून घरी आली, तेव्हा गावाने दोन दिवस तिची काळजी केली. तिसऱ्या दिवशी कापसाची वेचणी सुरू झाली आणि गाव ते विसरूनही गेलं.

झालं होतं एवढंच की आई जमनाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कंपनीने महिन्याची सुट्टी दिली, दुसऱ्या महिन्यात "या, नाहीतर राहू द्या" असं कळवलं. शीलाने "राहू द्या" असं उत्तर पाठवलं आणि आईला चालवायला अंगणात घेऊन गेली.

आबांच्या केळीत शहाद्याच्या शेतकरी गटाने हवामान मोजणारं यंत्र बसवलं होतं. त्याच्या पेटीत तळहाताएवढा कॉम्प्युटर. लाईट गेली की त्यातल्या मेमरी कार्डावरच्या नोंदी गायब. कधी तासाभराच्या, कधी अख्ख्या दिवसाच्या. गटाचे हेमराजभाऊ म्हणायचे, "आपली लाईटच तशी शे, यंत्र बिचारं काय करी?"

शीलाला ते पटेना. लाईट जाणारच, हे यंत्राला माहीत असायला हवं. त्या कॉम्प्युटरवर मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम होती. तिचा कोड कुणीही उघडून वाचावा, चूक दाखवावी, दुरुस्ती पाठवावी, असा तिचा रिवाज. पुण्यात चार वर्षं शीलाने तीच सिस्टीम वापरली होती, पण आत डोकावली नव्हती. आता ती आत शिरली. तीन आठवडे वाचल्यावर एका जागी तिचं बोट थांबलं. ही सिस्टीम "लिहून झालं" अशी खूण आधी करत होती आणि मजकूर नंतर लिहीत होती. मधल्या क्षणी लाईट गेली, तर खूण राहायची आणि पान कोरं.

तिने सिस्टीम बनवणाऱ्यांच्या गटाला ईमेल लिहिली. कोडचा हा नोंदी लिहिणारा भाग अठरा वर्षं सांभाळणारे जर्मनीतले योर्ग यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: तुमचं मेमरी कार्ड हलकं आहे, चांगलं घ्या. इतर म्हणाले, आमच्याकडे असं घडत नाही. घडणार कुठून? त्यांच्याकडे लाईट जातच नव्हती!

"तो काय म्हणस?" आबांनी चहा घेता घेता विचारलं.

"म्हणस, आपलंच कार्ड खराब शे."

"मंग?"

"मंग मी दखाडस त्याले. आबा, उद्या मोटारच्या खोलीत बसा. मी सांगीन तेव्हा मेन स्विच पाडा."

"कितला येळा?"

"दोनशे तरी."

आबांनी मोटारच्या खोलीत स्वतःसाठी खाट टाकली. तीन दिवस सकाळपासून शीला पेटीपाशी उभी राहून हाक देई आणि आबा स्विच पाडत. दर वेळी ती नोंद तपासायची, वहीत खूण करायची. कार्डं तीन आणली होती, त्यात एक सगळ्यात महागडं. दुसऱ्या दिवशी आबांनी न राहवून विचारलं, नेमकं चुकतंय तरी काय? तिने समजावलं. आबा खो खो हसले.

"म्हणजे ऊस कारखानाना मझार जावाना पहिलेच पावती फाडी दिनी!"

याहून सोपं शीलालाही सांगता आलं नसतं.

दोनशे बारा वेळा लाईट घालवली. एकोणीस वेळा पान कोरं निघालं, तिन्ही कार्डांवर. मग तिने आपली दुरुस्ती घातली आणि आबांनी पुन्हा दोनशे बारा वेळा स्विच पाडला. एकही पान कोरं निघालं नाही.

तिने सगळं मांडून पाठवलं. योर्गनी कार्डाचा विषय पुन्हा काढला नाही, पण दुरुस्ती मात्र सहा वेळा परत केली. पहिल्या दोन वेळा शीलाला राग आला. तिसऱ्या वेळी तिला दिसलं की माणूस बारकाईने वाचतोय आणि बहुतेक बरोबर सांगतोय. पाचव्या वेळी मात्र त्यांनी असा बदल सुचवला की जुनी चूक मागच्या दाराने परत आली असती. तिने स्वच्छ लिहिलं, "इथे तुमचं चुकतंय," आणि का ते सात ओळींत दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जमनाबाई काठीशिवाय ओट्यापर्यंत चालत आल्या, त्याच वेळी फोन वाजला. योर्गचं उत्तर एका ओळीचं होतं: "मान्य. हेच कारण टीप म्हणून जोडून पुन्हा पाठवा." सहाव्यांदा त्यांना कोडमधल्या एका नावाचं स्पेलिंग खटकलं. सातव्या खेपेला दुरुस्ती आत गेली.

शीला तिथेच थांबली नाही. त्याच भागातल्या आणखी चुका शोधत राहिली. वर्षभरात ही सिस्टीम वापरणाऱ्या एका परदेशी कंपनीने तिला कोरीटमध्ये राहूनच हे काम करायला ठेवून घेतलं. चार वर्षांनी योर्ग निवृत्त होताना त्यांनी स्वतः सगळ्यांना लिहिलं की हा भाग आता शीला सांभाळेल.

जमनाबाईंनी विचारलं, "म्हणजे तू साहेब व्हयनी का?"

"साहेब नही माय, रखवालदार."

सध्या तो सगळा भाग नव्याने लिहायचं तिने काढलंय. हाताखाली तीन माणसं आहेत. त्यातला ब्राझीलचा गडी प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो, आणि त्याचीच ईमेल ती सगळ्यात आधी उघडते.