खंडेनवमीचं खोबरेल

आमच्या घराण्यात कुणी तबल्यावर थापसुद्धा मारली नव्हती, आणि काका कापडाचं रंगकाम शिकायला जर्मनीला गेले ते चेलो वाजवणारी बायको घेऊन आले. माझ्या खांद्याएवढं ते वाद्य घोड्याच्या केसांच्या गजाने वाजायचं. तिकडे काकू चौघांच्या संचात वाजवायची. इथे आमच्या सुरतेत संच कुठला? ती एकटीच वाजवी, आणि शेजारचे मोटाभाई खिडकीतून विचारत, "बेन, कोण गुजरी गयुं?" म्हणजे, कोण वारलं?

मग मुंबईच्या तिघा वादकांना चौथं माणूस हवं झालं. बडोद्याच्या एकाला ऐकायला जाताना, वाटेत दसऱ्याला ते काकूला ऐकणार होते. तिचा आनंद पोटात मावत नव्हता.

खंडेनवमीला आईने शिवणयंत्र, काकांचे पाने-पक्कड आणि चेलो ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिलं. पुजलेल्या वस्तूला दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, हे काकू आमच्याहून कडक पाळायची. तिने रियाजही केला नाही.

दसऱ्याला पाहुण्यांचं फाफडा-जलेबी खाणं झालं. काकूने झेंडूचं फूल उतरवून गज ओढला. आवाजच नाही. पुन्हा ओढला, तो नुसता घसरला. एका वादकाने आपला गज दिला, तोही सटकला. त्याने तारेवरून बोट फिरवून नाकाशी नेलं. खोबरेल.

मी आईकडे पाहिलं. ती दाराशी कौतुकाने उभी होती. गजावरची पांढरी भुकटी तिला धूळ वाटली होती. सणाला वस्तू अशी कोरडी कशी ठेवायची, म्हणून तिने पुसून तारांना आणि गजाच्या केसांना तेल लावलं होतं. ती भुकटी राळ होती आणि तिच्यामुळेच गज तार धरतो, हे मलाही त्याच दिवशी कळलं.

वादक काही बोलणार, तोच काकू म्हणाली, "ताई, माझा हात गेला. सवय नाही राहिली."

"सणाच्या दिवशी असं बोलू नये गं," आई म्हणाली.

बडोद्याचा माणूस ठरला. एवढं हातचं गेलं आणि ही बाई गप्प, याचा मला धक्का बसला, रागही आला. तेल प्यालेले केस पुन्हा राळ धरत नाहीत, पण मुंबईहून गजाला नवे केस बसवून आणायचं तिने कधी काढलंच नाही.

पुढच्या खंडेनवमीला मात्र मी सुन्न झाले. काकूने स्वतः गज आणून आईच्या हातात दिला आणि तेलाची वाटी पुढे सरकवली.

"नीट लावा, ताई," ती म्हणाली.

आईने मुलीच्या केसांना लावावं तसं, मायेने, मुळापर्यंत लावलं.