थैलीच्या आकाराची मुळं

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान सरकारी खात्यात इंजिनियर होते. आयुष्यभर त्यांनी सिमेंट ओतलं आणि निवृत्त झाल्यावर नरखेडकडच्या आपल्या शेतात संत्री लावायचं ठरवलं. मी नागपुरात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सोटमूळ झाडाला रोवून धरतं, वरच्या थरात पसरलेली बारीक मुळं पाणी आणि क्षार ओढतात, हे मी इतक्या पोरांना सांगितलंय की झोपेतही सांगेन. भाऊजींना मात्र ते मलाच समजावून सांगायला आवडायचं, तेही चुकीचं.

लागवडीच्या दिवशी ताईने मला मुद्दाम सोबत नेलं. काळ्या थैल्यांतली कलमं बांधावर मांडली होती. मी एक थैली सोलून पाहिली. मुळं तळाशी जाऊन गोल गोल गुंडाळली गेली होती.

"भाऊजी, हे वेटोळं कापून मुळं मोकळी करा," मी म्हटलं. "नाहीतर ती तशीच फिरत राहतील, जमिनीत शिरणारच नाहीत. आणि जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधलाय तो सांधा मातीच्या वर ठेवा. दबला तर खोड सडतं."

ते हसले. पोट हलवत हसायची त्यांना सवय होती. "मॅडम, पाया खोल पाहिजे. बांधकामात जिंदगी गेली आमची. तुम्ही हे पोरांले शिकवा."

मग त्यांनी गड्यांना थैल्यांना नुसती एकेक चीर द्यायला लावली आणि कलमं सांध्यासकट गाडून घेतली. वर स्वतः बुटांनी माती दाबली. त्या बुटांचा मला आजही राग येतो.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या वाडीतली झाडं गर्द हिरवी होती आणि यांची पिवळी. भाऊजींनी पाणी वाढवलं. काळी जमीन ती, पाणी धरून बसली. मग कुठल्याशा व्हिडिओत पाहून ट्रॅक्टर बोलावला आणि खोडापर्यंत रोटाव्हेटर फिरवला. जमीन मोकळी व्हावी म्हणे. जी थोडी बारीक मुळं धडपडून वरच्या मातीत पसरली होती तीही तोडली. खोडं सडून त्यांतून डिंक गळू लागला तेव्हा, "झाड तगडं आहे, म्हणून रस बाहेर येऊन राहिला," असं त्यांनी मला ऐकवलं. अशा माणसाला उत्तर देणं म्हणजे आपली वाचा खर्च करणं.

त्या हिवाळ्यात त्यांनी खात्यातल्या जुन्या मित्रांना हुरड्याला बोलावलं. ताईमुळे मीही होते. बगीचा दाखवताना झाडाच्या मजबुतीवर बोलत त्यांनी एक खोड धरून हलवलं. झाड हातात आलं. अख्खं, मुळांसकट. तीन वर्षांनीही मुळांचा गोळा थैलीच्याच आकाराचा होता आणि त्याला काळं प्लास्टिक चिकटलेलं होतं.

मित्र शेंगदाण्याची चटणी चाटत उभे राहिले. भाऊजी म्हणाले, "नर्सरीवाल्यानं फसवलं."

ताई पुढे झाली. तिने त्यांच्या हातातून झाड घेतलं, गोळ्यावरचं प्लास्टिक सोलून काढलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "नर्सरीवाल्यानं गाडलं का? ही सांगत होती, तेव्हा काहून नाही ऐकलं?"

ते बोअरची मोटर बंद करायच्या निमित्ताने निघून गेले. मोटर आधीच बंद होती.

पुढच्या आठवड्यात ताईचा फोन आला. "ये वं तू. मले दाखव, काय काय वाचते ते."

आम्ही दोघींनी गडी लावून प्रत्येक खोडाभोवतीची माती उकरली, सांधे उघडे केले, सडलेली साल खरवडून बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावली. झाडांच्या मध्ये चर खणले, पाणी निघून जावं म्हणून. भाऊजी बांधावर गाडीत काच चढवून एसीत बसले होते. एकदाही उतरले नाहीत.

अर्ध्याहून जास्त झाडं गेली. उरलेल्यांना पावसाळ्यात नवी पालवी आली, आणि मेलेल्यांच्या जागी ताईने थैल्या सोलून, मुळांचं वेटोळं कापून, स्वतःच्या हाताने नवी कलमं बसवली. आता ती एसटीने एकटी जाते. गडी तिलाच विचारतात.

भाऊजी नागपुरात घरी असतात. परवा मी गेले तेव्हा ते गच्चीवरच्या कुंडीत वड लावत होते. ताई आत चहा टाकत होती. मी चपला काढल्या आणि तिच्याकडे स्वयंपाकघरात गेले.