कोपीवरून विधानसभेत

आमच्या बायांनी तहसील कचेरीच्या आवारात चूल मांडली, त्या दिवशी माझं राजकारण सुरू झालं. तोवर मी पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात मुलांची शिकवणी घेणारी एक बाई होते. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला निघायचं. आईबापांबरोबर पोरंही कोपीवर, म्हणजे फडाशेजारच्या पाचटाच्या झोपडीत राहायला जायची आणि त्यांची शाळा तुटायची. त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू करा, एवढंच आम्ही मागत होतो. हेलपाटे घालून चपला झिजल्या, पण हाती काही लागलं नाही.

एकदा तिसगावच्या बाजारात आम्ही बाया एका झाडाखाली जमलो होतो. आमच्यात एक थोरली मावशी होती. तिचा सगळा जन्म ऊसतोडीत गेलेला. ती म्हणाली, "बाये, आता अर्ज बास झाले. आमी जाऊन तिथंच ऱ्हातो. भाकरी थापू, खाऊ, बसू. बघू कवर बघत्यात!"

आणि खरंच, सोमवारी कचेरीच्या आवारात तीन दगड मांडून धूर निघाला. शिपाई धावत आला, मग कारकून आले, शेवटी नाकाला रुमाल लावून तहसीलदार साहेब स्वतः बाहेर आले. मावशीनं तव्यावरची भाकरी उचलली, वर ठेचा ठेवला आणि त्यांच्यापुढं धरली.

"साहेब, आधी खा. जेवताना भांडायचं न्हाई."

साहेब ओशाळले, मग हसले, मग खरोखरच खाली बसून जेवले. दिवस मावळायच्या आत वसतिगृहाचा आदेश आमच्या हातात होता. कचेरीच्या फाटकात आम्ही फुगड्या घातल्या. मी तर इतकी गरगरले की पायरीवर बसूनच राहिले.

तिथंच मावशीनं मला विचारलं, "एका गावाचं झालं. बाकीच्या गावांचं कुटं ठरतं?"

"मुंबईत. विधानसभेत."

"मंग तितं आपलं कोन हाय?"

कुणीच नव्हतं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी हसण्यावारी नेलं, पण त्या हसत नव्हत्या.

घरी आले तर माझे वडील, आबा, अंगणात कोयत्याला धार लावत बसलेले. मी म्हणाले, "आबा, बाया म्हणत्यात आमदारकीला उभी ऱ्हा."

आबांनी मान वर केली नाही. "पडलीस तर काय व्हईल?"

"काय न्हाई. शिकवणी हायच."

"मंग भ्यायचं कशाला?" एवढं बोलून ते पुन्हा धार लावायला लागले. अर्ज भरायच्या दिवशी मात्र पांढरंशुभ्र धोतर नेसून माझ्या आधी टेम्पोत चढून बसले होते.

मी अपक्ष. चिन्ह मिळालं प्रेशर कुकर. बायांना आनंद झाला! डोक्यावर कुकर घेऊन त्या वाड्यावस्त्यांवर फिरल्या. कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी तोंडानं शिट्टी काढायचं आणि सगळी आळी हसायची. मला भाषण येत नव्हतं. मी आपली शिकवणीत बोलते तसंच बोलायचे, आणि लोक ऐकायचे.

अडचण एकच होती. निवडणूक ऐन हंगामात आली होती. माझी माणसं गावात नव्हतीच, मावशीची टोळीसुद्धा श्रीरामपूरकडं फडात उतरलेली. मी एसटीनं तिकडं गेले. शेतातून वाट काढत पोचले, तेव्हा सपासप कोयते चालले होते. मला बघून मावशीनं डोक्यावरची मोळी धाडकन खाली टाकली. "आली गं आपली बाय!"

बाया भोवती जमल्या. तेवढ्यात टोळीचा मुकादम आला. तो आमच्याच तालुक्यातला. "ताई, तुमचं समदं खरं," तो म्हणाला, "पन फड बंद ठेवला तर कारखाना मला धरंल."

"मतदानाला सुट्टी द्यायची, असा कायदा हाय," मी म्हणाले.

तशी मावशी पुढं झाली. "मुकादम, तुमचं मत बी तिकडंच हाय ना? मंग टॅक्टर काढा की! आमी मागं बसतो."

सगळा फड हसला. मुकादमानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बघू."

त्या 'बघू'वर मी परत आले. गाड्या मी पाठवू शकत नव्हते, उमेदवारानं मतदार आणायचे नाहीत असा नियमच होता. मतदानाच्या दिवशी शाळेपुढं सकाळपासून रांग होती, पण टोळ्यांचा पत्ता नव्हता. दुपार झाली, रांग आटली. समोरच्या उमेदवाराची माणसं निवांत चहा पीत बसली.

आणि मग रस्त्यावर धुरळा दिसला. एक ट्रॅक्टर, त्याच्या मागं दुसरा, मागं आणखी. उसाच्या ट्रॉल्यांत उभी माणसं, बायांचे पदर वाऱ्यावर, कडेवर लेकरं. पहिला ट्रॅक्टर मुकादम स्वतः चालवत होता. शाळेपासून लांबच ट्रॉल्या थांबल्या, माणसं उड्या टाकून उतरली आणि जवळजवळ पळतच रांगेत लागली. अंगावर पाचटाची कुसं तशीच. मी त्यांच्याजवळ जाऊ शकत नव्हते. लांबूनच हात जोडले आणि रडले.

मोजणीला शेवटपर्यंत खालीवर चाललं होतं. निवडून आल्याचं जाहीर झालं तेव्हा मी आबांकडं बघितलं. ते बाकावरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. "आता?" एवढंच म्हणाले.

नागपूरच्या अधिवेशनात मला पहिल्यांदा बोलायला मिळालं. माईकचा लाल दिवा लागला. मी कोपीवरच्या पोरांबद्दल बोलले. जिथून जिथून टोळ्या निघतात त्या प्रत्येक गावात वसतिगृह पाहिजे, म्हणाले. समोरच्या बाजूच्या आमदारांनीही बाकं वाजवली. मंत्र्यांनी उठून सांगितलं की या हंगामापासूनच पाहणी सुरू करतो.

बाहेर येऊन मी धावत जिन्याखाली गेले आणि मावशीला फोन लावला.

"मावशी, बोलले मी!"

"घाबरलीस का?"

"लई!"

"घाबरलीस तरी बोललीस न्हवं? झालं तर मंग." मागं कोयत्यांचा आवाज येत होता. "आता त्या मंत्र्याला सोडू नको. त्यो पाहनी कवा सुरू करतो ते इचारून ठेव. मी रातच्याला फोन करते, गाडी भरायची हाय."

फोन ठेवून मी तशीच मागं फिरले आणि मंत्र्यांचं दालन कुठल्या मजल्यावर आहे ते विचारत निघाले.